माजूर कोणाला म्हणायचे?

२०१२ च्या ऑगस्टमधला रविवार. ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. मी तेव्हा बी.एड. करत होते आणि शहापूरहून किन्हवली-सरळगाव मार्गे मुरबाडला खालाकडे गेले होते. बाहेर पाऊस, आत टीव्ही, आणि टीव्हीवर 'गुजारिश' लागलेला. खालाच्या घरात टीव्ही एकाच ठिकाणी असे, खालूंच्या खाटेच्या पायथ्याशी. खालूंना मान वळवता येत नव्हती, म्हणून टीव्ही त्यांच्या नजरेसमोर ठेवलेला.

खालू कल्याण-मुरबाड रस्त्यावर जीप चालवायचे. २००७ च्या मे महिन्यात पावसाळ्याआधी घर शाकारताना कौलावरून पाय घसरला, मानेचा मणका गेला. तेव्हापासून मानेखालचे शरीर त्यांचे असून नसल्यासारखे होते. खांदे जरा हलत, बोटे हलत नसत. बोलणे मात्र शाबूत होते, विनोदबुद्धीही.

'गुजारिश' हा संजय लीला भन्साळी यांचा चित्रपट १९ नोव्हेंबर २०१० रोजी आला. गोव्यातला एक नामांकित जादूगार, ईथन मॅस्करेन्हस. अपघातानंतर चौदा वर्षे मानेखाली लुळा. रेडिओवरून तो लोकांना जगण्याची उमेद देतो आणि एके दिवशी न्यायालयाकडे मरणाची परवानगी मागतो. त्याची बारा वर्षे सेवा करणारी नर्स सोफिया आधी विरोध करते, मग त्याच्यावरच्या प्रेमापोटी तयार होते. ईथनचे काम हृतिक रोशनने केले आहे, सोफियाचे ऐश्वर्या रायने.

चित्रपटात एक प्रसंग आहे. रात्री छत गळते आणि पाण्याचा थेंब ईथनच्या कपाळावर पडत राहतो. त्याला डोके बाजूला घेता येत नाही, हाक कोणाला ऐकू जात नाही. मी डोळे पुसत होते. खाला म्हणाली, "चॅनल बदल गं, हे कशाला यांच्यासमोर?" खालू म्हणाले, "राहू दे. थेंबच पडतोय त्याच्यावर, नशीबवान आहे. आपल्याकडे कौलं आहेत, धारच लागते." आम्ही तिघेही हसलो.

चित्रपट संपला. खाला अस्रच्या नमाजला उठली. खोलीत आम्ही दोघेच होतो तेव्हा खालू हळूच म्हणाले, "बेटा, दुआ कर. अल्लाने आता उचलावं."

मी लगेच उत्तर दिले. "तौबा करा खालू. मौतची तमन्ना करू नये, मना आहे."

"बरोबर आहे," खालू म्हणाले. "मास्तरीण होणार तू." आणि डोळे मिटून घेतले. पुन्हा त्यांनी मला कधी तसे म्हटले नाही.

माझे उत्तर चूक नव्हते. एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत ते लिहिले असते तर मी पूर्ण गुण दिले असते. पण पुढच्या आठवड्यात खालूंच्या कमरेला जखम झाल्याचे कळले. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंगाखाली दबलेल्या कातडीचा रक्तपुरवठा थांबतो आणि मांस सडू लागते. त्या आठवड्यात खालाला ताप होता. एकटीने उचलणे तिला जमत नव्हते आणि शेजारीपाजारी कोणाला सांगायची तिला लाज वाटत होती. जाहिराती धरून तो चित्रपट तीन तास चालला होता. त्या तीन तासांत खालूंची कूस कोणी बदलली नव्हती. मी तिथेच, हाताच्या अंतरावर, पडद्यावरच्या माणसासाठी रडत बसले होते.

हा लेख त्या तीन तासांविषयी आहे. मरण मागणे योग्य की अयोग्य, याचे उत्तर मला तेव्हाही पाठ होते. जो मागतो त्याच्या खाटेशेजारच्या माणसाचे काय कर्तव्य आहे, हा प्रश्न मात्र मला कोणी घातला नव्हता.

हा चित्रपट लागला तेव्हा देशात अशीच एक खरी कहाणी न्यायालयात चालू होती. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला रक्त न मिळाल्याने त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने अर्ज केला की, अन्न देणे थांबवून त्यांची सुटका करावी. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अर्ज नाकारला. मात्र त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की, उपचार थांबवून मरण येऊ देणे काही परिस्थितीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, शक्य आहे. औषध टोचून जीव घेणे मात्र गुन्हाच राहिला.

त्या निकालपत्राची सुरुवात मिर्झा गालिबच्या शेराने होते. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला याचे अप्रूप वाटणारच. मलाही वाटले. मग वाटले, आपली गझल मरण मागणाऱ्या आशिकांनी भरलेली आहे आणि आपण वाहवा करून ती ऐकतो. तेच वाक्य कोणी खाटेवरून म्हणाले की आपण त्याला तौबा करायला सांगतो. मुशायऱ्यात ज्याला दाद मिळते त्याला घरात दटावणी मिळते. दोन्हीकडे त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे आपण टाळतो.

त्या निकालातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट कायद्याची नाही. इतक्या वर्षांत अरुणाताईंच्या अंगाला अंथरुणाची एकही जखम झाली नव्हती, याची न्यायालयाने नोंद घेतली. ज्या परिचारिकांनी त्यांना निरोगी असताना पाहिलेही नव्हते, त्या पिढ्यांनी पाळ्या लावून त्यांची कूस बदलली, भरवले, स्वच्छ ठेवले. न्यायालयाने विचारले की या स्त्रीच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि उत्तर दिले, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. ज्याने कूस बदलली त्याला बोलण्याचा अधिकार. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

अरुणाताई बोलू शकत नव्हत्या. त्यांना काय हवे होते हे कोणालाच कळले नाही. चित्रपटातला ईथन बोलतो, आणि फार छान बोलतो. माझे खालूही बोलू शकत होते. म्हणून अरुणाताईंचा निकाल आम्हाला पुरत नाही. बोलणाऱ्याने मागितले तर काय, हा प्रश्न उरतोच.

आपला दीन याविषयी काय सांगतो? सूरह निसामध्ये स्वतःचा जीव घेण्याची मनाई आहे. संकटामुळे मरणाची इच्छा करू नये, अगदीच राहवत नसेल तर जगणे भले असेल तोवर जगव आणि मरणे भले असेल तेव्हा ने, अशी दुआ करावी, ही हदीसही सर्वांना ठाऊक आहे. जीव ही अमानत आहे. ही मनाई मी मानते आणि या लेखाच्या शेवटीही मानत असेन.

पण त्याच कुरआनात सूरह मरयम आहे. हजरत मरयम एकट्या, वस्तीपासून दूर, प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या बुंध्याला टेकल्या आहेत. त्या म्हणतात की याआधीच मी मेले असते, विस्मृतीत गेले असते तर बरे झाले असते. अल्लाहने निवडलेल्या स्त्रीच्या तोंडचे हे शब्द आहेत. त्यांना काय उत्तर मिळते? तौबा कर, असे नाही. आवाज येतो की दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, बुंधा हलव, पिकलेले खजूर पडतील, खा, पी, डोळे निवव. मनाई सांगितली जात नाही, पाणी आणि खजूर दिले जातात. ही सूरह मी लहानपणापासून पढत आले. त्या रविवारी मी तिच्याविरुद्ध वागले, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

हजरत खब्बाब यांची गोष्ट बुखारी शरीफमध्ये आहे. आजारपणात त्यांच्या पोटावर सात डाग दिलेले होते. अयादतीला आलेल्यांना ते म्हणाले की पैगंबरांनी (स.) मनाई केली नसती तर मी मरणाची दुआ मागितली असती. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यात मनाईही पाळलेली आहे आणि वेदनाही लपवलेली नाही. म्हणजे खालू मला जे म्हणाले त्यासाठी ईमानाचा दुबळेपणा शोधण्याची गरज नव्हती. तेवढे बोलण्याची जागा सहाबींनीही घेतली होती.

आणखी एक हदीस आहे, तीही बुखारीतली. फेफऱ्याचा त्रास असलेली एक स्त्री पैगंबरांकडे (स.) दुआ मागायला आली. त्यांनी तिच्यापुढे दोन पर्याय ठेवले, सब्र कर आणि जन्नत घे, किंवा मी शिफासाठी दुआ करतो. तिने सब्र निवडला. मग म्हणाली, झटका येतो तेव्हा माझे अंग उघडे पडते, तेवढे होऊ नये अशी दुआ करा. त्यांनी ती दुआ केली. आजाराचे दुःख ती सोसायला तयार होती, बेपर्दगीचे नव्हती. अनेक वर्षे अंथरुणावर असलेल्या माणसाला नक्की काय सोसवत नाही, हे या हदीसइतके नेमके मला कुठे सापडले नाही. खालूंनाही मणक्याचे दुःख फारसे नव्हते. लघवीची पिशवी भरलेली असताना पाहुणे आले की ते डोळे मिटून झोपल्याचे सोंग घेत.

उर्दूत अपंगाला 'माजूर' म्हणतात. हा शब्द 'उज्र'पासून आला आहे. उज्र म्हणजे सबब, आणि माजूर म्हणजे ज्याची सबब मान्य झाली तो. मराठीतला 'अपंग' शब्द माणसात काय कमी आहे ते सांगतो, अलीकडचा 'दिव्यांग' त्याला काहीतरी जास्तीचे चिकटवतो. 'माजूर' त्याच्याविषयी काहीच सांगत नाही, तो समोरच्याला हुकूम देतो की याची सबब मान्य कर. फिकहमध्ये याची पूर्ण व्यवस्था आहे. उभे राहता येत नसेल तर बसून नमाज, बसता येत नसेल तर पडून, इशाऱ्याने. सतत लघवी झिरपते त्याला एका वक्ताचा एक वजू पुरतो. खाला मातीच्या विटेवर हात मारून खालूंच्या तोंडाला आणि हातांना तयम्मुम करवायची. शरीयतने खालूंचे सगळे उज्र मान्य केले होते.

आम्ही मात्र उलट केले. त्यांचा उज्र बाजूला राहिला आणि आमचे उज्र पुढे आले. मुलाची परीक्षा आहे, एसटी नाही, भातलावणी आहे, रमजान आहे. अयादतीला लोक येत, फळे आणत, सब्राचे महत्त्व सांगत आणि अर्ध्या तासात उठत. अकरा वर्षांत मला आठवतो तो एकच माणूस, जो आल्यावर आधी बाही वर करून खालाला म्हणायचा, "चला भाभी, एक बाजू मी धरतो." तो खालूंच्या जीप स्टँडवरचा मित्र होता. आदिवासी वाडीवरचा. त्याने आम्हाला एकही आयत ऐकवली नाही.

'गुजारिश'बद्दल माझी तक्रार इथे आहे. चित्रपट सुंदर आहे, पण त्याने मरणाला प्रेमाची शेवटची भेट करून टाकले. सुनावणीत ईथन सरकारी वकिलाला साठ सेकंद पेटीत बंद करून दाखवतो की माझे आयुष्य असे आहे. युक्तिवाद जबरदस्त आहे. पण साठ सेकंद पेटीत राहणारा माणूस गुदमरण्यापलीकडे काही शिकत नाही. खालू पेटीत नव्हते. ते सहा वाजता रेडिओ ऐकत, गल्लीतल्या पोरांना पाढे विचारत, जीपच्या इंजिनाच्या आवाजावरून कोणाची गाडी आहे ते ओळखत. निरोगी माणूस माजूर माणसाकडे पाहून मनात म्हणतो की असे जगण्यापेक्षा मेलेले बरे. हे वाक्य निरोगी माणसाच्या भीतीचे आहे, माजूर माणसाच्या अनुभवाचे नाही. सतत ऐकले की मात्र त्यालाही ते खरे वाटू लागते. आपण ओझे आहोत हे माणूस स्वतःहून ठरवत नाही, भोवतालचे चेहरे त्याला तसे सांगतात.

१९८६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा दुबळ खटला याच जातीचा आहे. मारुती श्रीपती दुबळ हे पोलीस शिपाई, रस्त्यावरच्या अपघातात जखमी होऊन मानसिक आजारी झालेले. त्यांनी अंगावर रॉकेल ओतून घेतले म्हणून त्यांच्यावरच आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने ते कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध धरले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार द्यायचे ठरवले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम राहिलेच नाही. एका साध्या गोष्टीपर्यंत यायला कायद्याला इतकी वर्षे लागली. ती गोष्ट अशी की मरू पाहणाऱ्याला आधी विचारावे, बाबा रे, काय झाले?

आता उलटी बाजू. कोणी विचारेल, सगळी सेवा झाली, कूस वेळेवर बदलली, इज्जत राखली, तरीही तो म्हणाला की मला जायचे आहे, मग? ईथनपाशी सोफिया होतीच की. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला पाणी-खजुराचे उत्तर पुरत नाही. माझ्यापाशी दोन तुकड्यांचे उत्तर आहे. जीव घ्यायला मी हात लावणार नाही, कोणाला लावू देणार नाही. ती अमानत त्याचीही नाही, माझीही नाही. पण त्याने मागितले म्हणून मी त्याला बेईमान म्हणणार नाही आणि त्याच्याजवळून उठणार नाही. नाही म्हणणाऱ्यावर थांबण्याची जबाबदारी येते. नाही म्हणून निघून जाणे, जसे मी त्या दिवशी पाच वाजताच्या एसटीने निघून आले, हा मनाईचा सर्वांत स्वस्त वापर आहे.

आणि जीव घेणे वेगळे, मरणाच्या वाटेतून यंत्र बाजूला घेणे वेगळे. हे आम्हाला २०१८ च्या जुलैमध्ये शिकावे लागले. खालूंना न्यूमोनिया झाला. मुरबाडहून पुढे, तिथून आणखी पुढे, असे करत एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो. व्हेंटिलेटर लावावा लागेल, पण तो पुन्हा काढता येईल असे वाटत नाही, असे डॉक्टर म्हणाले. खालूंनी वर्षभरापूर्वी खालाला बजावून ठेवले होते की घशात नळी नको, मशीन नको, घरी ने. खालाने तसे सांगताच खालूंचे भाऊ तिच्यावर उसळले, "मारायला निघालीस त्याला?" अकरा वर्षे जिने कूस बदलली तिला हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या अकरा वर्षांत एक रात्रही जागवली नव्हती.

त्याच वर्षी ९ मार्चला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 'कॉमन कॉज' खटल्यात निकाल दिला होता की सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीत असताना माणूस आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो. आमच्यापैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. त्या वेळची पद्धत तशीही किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीशिवाय तो कागद चालत नसे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते, आणि निर्णय रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळे घेतात.

आम्ही एका मौलानांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, जिथे बरे होण्याची खात्री नाही तिथे इलाज करणे बहुसंख्य फकीहांच्या मते फर्ज नाही. इलाज न घेणे आणि जीव घेणे एक नाही. पाणी, आराम, वेदना कमी करणे मात्र सोडू नका. पुढे मला ती हदीस सापडली. शेवटच्या आजारात घरच्यांनी पैगंबरांच्या (स.) तोंडात औषध घातले, ते नको नको अशी खूण करत होते, घरच्यांना वाटले की रुग्ण औषधाला कंटाळतोच. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नाराजी व्यक्त केली. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही, त्यातून फतवा काढत नाही. पण रुग्णाची खूण म्हणजे नुसता हट्ट नव्हे, एवढे मला त्यातून कळते.

'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' या कागदावर खालाने सही केली. खालू घरी आणखी चार दिवस होते. त्या चार दिवसांत दर दोन तासांनी कूस बदलायला माणसांची रांग होती, भाऊही होते. मय्यतीच्या गुस्लला बसलेल्यांनी बाहेर येऊन सांगितले की अंगावर एक जखम नाही. खाला हे ऐकून पहिल्यांदा रडली.

आता माझ्या वर्गात कधी एखादी मुलगी सांगते, टीचर, दादी म्हणते अल्लाने उचलावं. मी तिला मनाई शिकवते, कारण ती शिकवणे माझे काम आहे. पण त्याआधी विचारते, दादीला काल पाणी कोणी दिले? कुशीवर कोणी वळवले? बहुतेक वेळा मुलगी म्हणते, अम्मीने. मग मी विचारते, आणि तू?